एक सूत खाली

आमचे घरमालक फोन उचलल्यावर हॅलो म्हणायचे नाहीत. "कुठं दुखून राह्यलं?" असं विचारायचे. फोन बँकेतून असो, गॅसवाल्याचा असो, नाहीतर त्यांच्या मेहुण्यांचा असो. मेहुणे एकदा चिडून म्हणाले, "मले काई दुखत नाई, नातीचं लग्न जमलं थे सांगाले फोन केला." त्यावर यांचं उत्तर, "मंग गुडघे सांभाळा. लग्नात लय उभं राहा लागते."

मानोऱ्यात त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायचे. मी सातारा जिल्ह्यातली. नोकरी लागली ती मानोऱ्यापासून आत, एका तांड्यावरच्या शाळेत. दिवाळी झाली की तांड्यावरची अर्धी बिऱ्हाडं मुलाबाळांसकट ऊस तोडायला जायची, आणि बहुतेक वेळा माझ्याच मुलखात जायची. मी त्यांच्या मुलखात उरलेल्या मुलांना घेऊन बसायचे. गावाकडे आई फोनवर म्हणायची, "अगं, तुझ्या तिकडची माणसं आलीत आपल्या शेजारच्या फडावर." मला ते ऐकून हसावं की रडावं कळायचं नाही.

घरमालकांना सगळा गाव काकाजी म्हणायचा, मीही म्हणायचे. जैन माणूस. अनेक वर्षं त्यांचं बी-बियाण्याचं आणि खतांचं दुकान होतं. काकू गेल्या, त्यानंतर वर्षभरात त्यांनी दुकान बंद केलं आणि त्याच गाळ्यात सायकलींचा पसारा मांडला. पाटी नाही, जाहिरात नाही. भिंतीवरच्या फळ्यांना जुन्या चिठ्ठ्या तशाच चिकटलेल्या. 'तणनाशक' लिहिलेल्या खणात पायडलं, 'कपाशी बियाणे'मध्ये सिटा, 'बुरशीनाशक' म्हटलं तिथं ब्रेकच्या तारा. हँडलच्या नव्या रबरी मुठींनाही औषधाचा वास लागायचा. मजुरी घ्यायचे नाहीत, त्यामुळे कुणाला बोलण्याची सोय नव्हती आणि त्यांना सगळ्यांना बोलण्याची होती.

माझी सायकल मी शाळेतल्या आधीच्या मास्तरांकडून घेतली होती. ते बदली होऊन गेले तेव्हा डोंगरात चालवायची ती जाड टायरची सायकल इथंच टाकून गेले. मास्तर सहा फुटी आणि मी पाच फूट म्हणायची पंचाईत. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून पुढं कच्चा रस्ता. स्कूटी मला येत नव्हती आणि पावसाळ्यात त्या काळ्या चिखलात ती आली असती तरी काही उपयोग नव्हता. म्हणून मी फाट्यावरच्या टपरीत सायकल ठेवायचे आणि सकाळ-संध्याकाळ त्या उंटावर बसून जायचे-यायचे.

महिनाभरानं एकदा जिना उतरत होते, तर खालून आवाज आला.

"मॅडम, मनगट काहून दाबता?"

मी म्हटलं, "काही नाही, असंच."

"असंच कोनी नाई दाबत. सायकल घेऊन या घरी. अन् चप्पल इकडं द्या."

भाडेकरणीची चप्पल मागणारा घरमालक मी पहिल्यांदाच पाहत होते. दिली. त्यांनी ती उलटी केली, टाचेवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "डावा पाय जोरात टाकता तुमी. लहानपणी पडल्या होत्या का?" पडले होते. आंब्यावरून. पण ते सांगितलं असतं तर त्यांचा भाव वाढला असता, म्हणून मी सांगितलं नाही.

कुणाचीही सायकल हातात घेण्याआधी ते चपला बघायचे. मग माणसाला पोत्याच्या थप्पीवर बसवून चहा द्यायचे आणि तो कसा बसतो, कप कुठल्या हातानं धरतो, उठताना गुडघ्यावर हात ठेवतो का, हे सगळं न बोलता पाहायचे. त्यानंतर सायकल स्टँडवर चढवायची, माणसाला सिटेवर बसवायचं, पायडल पुढं आणायचं आणि गवंडी वापरतात तो पितळी ओळंबा गुडघ्याच्या वाटीपासून खाली सोडायचा. दोरा पायडलच्या मधोमध आला पाहिजे. नाही आला तर सीट मागे-पुढे. त्यांचं मापही गवंड्याचंच, सूत. सूत म्हणजे तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढं अंतर. एवढ्याशा अंतरासाठी ते मला अर्धा अर्धा तास टांगून ठेवायचे.

"एक सुतानं काय होतं हो काकाजी?"

"बुटात खडा जाते तो केवढा राह्यते?"

माझी सायकल पाहून ते आधी मास्तरांवरच घसरले. "थे तुमची नाई. थे त्या लंब्या मास्तराची हाय. तुमी त्याच्या अंगरख्यात घुसल्या." हँडलला धरणारा लांब तुकडा काढून आखूड बसवला, मनगट सरळ झालं. ब्रेकचे खटके आत घेतले, माझी बोटं आखूड म्हणून. पुढच्या चाकाला धरणारा स्प्रिंगवाला चिमटा काढून साधा लोखंडी घातला. मी म्हटलं, अहो, त्यानं दणके कमी बसतात ना? तर म्हणाले, "त्या स्प्रिंगले दाबाले वजन लागते. तुमच्या वजनानं थे हालत नाई. फुकटचं ओझं वाहून राह्यल्या." आणि समोरचा गेअर काढून टाकला. हा त्यांचा हट्टच होता. मागे कितीही गेअर असोत, समोर चेनचं एकच चक्र पाहिजे. समोर दोन-तीन असली की चेन घासते, तार अडकते आणि माणूस चढावर गोंधळतो, असं त्यांचं ठाम मत. मानोऱ्यातल्या एकाही सायकलला त्यांनी समोर गेअर ठेवला नसेल.

हे सगळं ते मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून शिकले होते. आवाज बंद करून. इंग्रजी येत नव्हतंच. "आवाज कायले पाहिजे? हात दिसून राह्यले नं." त्यामुळे कधीकधी भलतंच व्हायचं. कुठल्याशा व्हिडिओत त्यांनी दोन-दोन हात रुंद हँडलं पाहिली आणि माझ्या सायकलला तसलं एक बसवलं. सोमवारी मी शाळेच्या लहान फाटकातून आत शिरले आणि दोन्ही हातांची बोटं सोलून निघाली. काकाजींना दाखवली तर क्षणभर ओशाळले. मग म्हणाले, "फाटक पाहून सांगा लागत होतं नं तुमी." त्यानंतर ते हँडल त्यांनी करवतीनं दोन्हीकडून बोट-बोटभर कापत आणलं, आणि दर वेळी मला फाटकातून जाऊन यायला लावलं.

आसेगावकडचा एक ग्रामसेवक यायचा, पोट सुटलेला. त्याला काकाजींनी तोंडावर सांगितलं, "वाकून चालवशीन तं पोट मांडीले लागते. हँडल वर घेऊ, नाईतं पोट कमी करू. पह्यलं आजच होते." तो बिचारा हसून घ्यायचा. पण एक माणूस एकदा मुलाची सायकल एकटाच घेऊन आला, मुलगा शिकायला अकोल्याला आहे म्हणाला, उंची सांगतो, त्यावरून करा. काकाजींनी हातही लावला नाही. "ज्याची हाय त्यानं यावं. देखल्याशिवाय फिटिंग होत नाई." तो म्हणाला, माझाच मुलगा आहे, मला माहीत नाही का? काकाजी म्हणाले, "शेवटचा कधी पाह्यला?" तो माणूस सायकल घेऊन निघून गेला. मला काकाजींचा तेव्हा राग आला होता.

आणखी एक खोड होती, ती मला उशिरा कळली. ते कुणाचंच काम एका खेपेत पुरं करायचे नाहीत. सगळं झालं की शेवटी म्हणायचे, "सीट एक सूत खाली ठेवली हाय. आठ दिवस चालवा, मंग या, वर करू." किंवा मुठी किंचित वळलेल्या ठेवायचे, किंवा ब्रेक जरासा सैल. अंग सायकलीला रुळायला वेळ लागतो, असं कारण द्यायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. पण मी वरून बघत असायचे. माणूस आठ दिवसांनी परत यायचा, काम पाच मिनिटांचं असायचं, चहा तासभर चालायचा. थंडीच्या दिवसांत साडेपाचलाच त्यांचं जेवण. सूर्य मावळला की अन्न नाही, पाणी नाही. स्वतः केलेली खिचडी नाहीतर भाकरी-वरण एकट्यानं जेवायचं, शटर ओढायचं, आणि मग झोपेपर्यंत सगळी संध्याकाळ मोकळी. खालून आवाज म्हणून यायचा नाही, कारण व्हिडिओसुद्धा मुके. मी वर माझ्या खोलीत वह्या तपासत बसलेली असायचे. दोन माणसं एका घरात राहत होती असं कुणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं.

त्यांची मुलगी पुण्याला. लग्न होऊन तिकडेच नोकरी. दर रविवारी दुपारी तिचा फोन यायचा. काकाजींना कमी ऐकू यायचं म्हणून फोन कायम स्पीकरवर, त्यामुळे अर्ध्या गल्लीला ऐकू जायचा.

"कुठं दुखून राह्यलं?"

"मान, बाबा. उतारावर आले की डावीकडं."

"नजर कुठं राह्यते? चाकाकडं पाहून राह्यली असशीन. सीट पुढून जराशी वाकव. एक सूत."

"हो, करते."

"आठ दिवस चालव, मंग सांग."

हे सायकलीचं वेड काकाजींनी घेतलं ते तिच्यामुळं, हे त्यांनीच एकदा सांगितलं. काकू होत्या तेव्हा फोन काकूंना यायचा. मायलेकी तासभर बोलायच्या आणि शेवटी काकू म्हणायच्या, "घे, बाबासंग बोल." मग हे विचारायचे, "जेवली का?" ती म्हणायची, "हो. तुम्ही?" झालं. एवढंच दोघांचं आयुष्यभराचं बोलणं. काकू गेल्यावर फोन थेट यांच्याकडे यायला लागला आणि 'जेवली का'च्या पुढं दोघांनाही रस्ता सापडेना. मग एक दिवस ती म्हणाली, "बाबा, ऑफिसच्या लोकांबरोबर डोंगरात जायला सायकल घेतली, पण हात बधिर होतात." काकाजींना सायकलीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्यांनी म्हटलं, थांब, पाहून सांगतो.

"पाह्यलं अन् सांगितलं," ते मला म्हणाले. "मंग तिनं आठ दिवसांनी सांगितलं, फरक पडला थोडा. मंग पाठ. मंग गुडघा. तीन वर्षं झाली मॅडम, तिचं फिटिंग काही जमून नाई राह्यलं."

तिच्या सायकलचा समोरचा गेअर त्यांनी अगदी सुरुवातीला काढायला लावला होता. तिनं तो काढून फोटो पाठवला. कुठल्यातरी टेकडीवर भिंतीला टेकवलेली लाल सायकल, समोर एकच चक्र. तो फोटो त्यांच्या मोबाइलच्या पडद्यावर कायमचा होता. फोन वाजला की आधी सायकल दिसायची.

मला मुलीच्या या दुखण्यांबद्दल पहिली शंका आली ती तिनं मला फोन केला तेव्हा. माझा नंबर अडीनडीला म्हणून काकाजींनीच तिला दिला होता. मी घाबरून उचलला. ती म्हणाली, "मॅडम, एक विचारायचं होतं. तुमच्या सायकलला सध्या काय होतंय?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

मग तिनं सांगितलं. सायकल तिनं कधीच विकली होती. मूल झालं, त्यात सगळं राहून गेलं. "पण बाबांना सांगितलं नाही. सायकल सोडून दुसरं काही बोलायला गेले की ते 'बरं, ठेवतो' म्हणतात. दिवाळीत येते ना मी दोन दिवस, तेव्हाही आम्ही दोघं आईच्या फोटोसमोर नुसते बसतो. मॅडम, हे संपलं तर फोनच राहणार नाही. आता मला दुखायचं काही सुचत नाही हो. तुमचं काही असेल तर सांगा."

मी तिला सांगितलं, मला तळहाताला, करंगळीच्या बाजूला मुंग्या येतात. रविवारी तिच्याही आल्या. त्यानंतर माझी बरीचशी दुखणी अशी पुण्याला जाऊन मानोऱ्याला परत आली. काकाजी मला आणि तिला एकच उपाय सांगायचे आणि वर म्हणायचे, "तुमच्या दोघीचं अंग सारखं दिसते." मला हसू यायचं आणि नंतर जिन्यावर बसून वाईट वाटायचं.

मग एका उन्हाळ्यात त्यांनी जाहीर केलं, की आता फोनवर बस्स झालं. मी पुण्याला जातो. देखल्याशिवाय फिटिंग होत नाही हे सगळ्या गावाला सांगतो आणि पोटच्या पोरीचं फोनवर करतो, हे बरोबर नाही. हा माणूस काकू गेल्यापासून मानोऱ्याबाहेर मुक्कामाला गेला नव्हता. परगावी सूर्य मावळायच्या आत कोण जेवायला घालणार, हे कारण कायम तयार असायचं. आता त्यांनी पाने पुसून ठेवले, ओळंब्याला नवा दोरा ओवला. मुलीला फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून रविवारच्या आधीच त्यांनी मोबाइलवर तसा निरोप लिहून पाठवला. निरोप मिळाल्या मिळाल्या तिचा मला फोन.

"मॅडम, सायकल कुठून आणू मी?"

मी म्हटलं, "खरं सांगून टाका."

"नको. खोटं बोलत होते एवढी वर्षं, असं वाटेल त्यांना."

रविवारी मी खालीच होते, ब्रेकची तार बदलून घेत. फोन वाजला. लाल सायकल दिसली.

"कुठं दुखून राह्यलं?"

"कुठंच नाही बाबा. सगळं बरं झालं. मान नाही, मनगट नाही. तुम्ही कशाला एवढ्या उन्हाचं येता? त्रास होईल तुम्हाला."

काकाजींचा हात माझ्या ब्रेकवर थांबला.

"काईच नाई दुखत?"

सगळंच मिटवून टाकलं तर पुढच्या रविवारी बोलायचं काय, हे तिच्या बहुतेक तेव्हा लक्षात आलं. घाईघाईनं म्हणाली, "म्हणजे, एक आहे. समोरचा गेअर नीट पडत नाही. चेन घासते. पण ते काय, फोनवर सांगितलं तरी होईल."

मी काकाजींकडे पाहिलंच नाही, 'तणनाशक' वाचत बसले.

"अस्सं," काकाजी म्हणाले. "तार सैल झाली असन. पाना लावून जराशी कस. आठ दिवस चालव, मंग सांग."

"मग येत नाही ना तुम्ही?"

"नाई येत. एवढ्यासाठी कायले?"

फोन ठेवला. माझी ब्रेकची तार त्यांनी ओढून कसली, टोक कापलं, टोकाला टोपी बसवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, तिच्या सायकलीले समोर गेअर हाय का?"

"नाही."

"मीच काढाले लावला होता."

"हो."

"तुमाले माहीत होतं."

मी मान हलवली. मग विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"लय दिवस झाले. जिच्या कडेवर दोन वर्षाचं लेकरू हाय, थे दर रविवारी डोंगरात कुठं जाईन? अन् एक डाव म्हणे, बाबा, करंगळीच्या बाजूनं मुंग्या येऊन राह्यल्या. चार दिवस आधी तुमी हेच सांगितलं होतं, याच पोत्यावर बसून."

"मग पुण्याला कशाला निघाला होतात? सायकलच नाही तर?"

काकाजींनी पाना फडक्यात गुंडाळला. परत सोडला. परत गुंडाळला.

"मले वाटलं, या म्हणन. सायकल नसली तरी."

नंतर म्हणाले, "तुमी सांगू नका तिले. तिले वाईट वाटन." आणि ऊन अजून डोक्यावर होतं तरी जेवायच्या तयारीला उठले.

मी वर गेले. तासभर नुसती बसून राहिले. मला त्या दोघांचा संताप आला होता. एवढी माया माणसांच्या पोटात असते आणि तोंडातून बाहेर येते ती चेन आणि तार होऊन. तिला न सांगण्याचा शब्द मी काकाजींना तोंडानं दिला नव्हता, पण मी सांगणार नाही असं त्यांनी धरलं होतं. शेवटी मी पुण्याला फोन लावला.

मी म्हटलं, "त्यांना या म्हणा."

"पण मॅडम, सायकल?"

"ते विचारणार नाहीत."

मागं तिचं मूल रडत होतं, त्याला ती उगी म्हणेना. मग तिनं न सांगताच फोन ठेवला.

त्या आठवड्यात रविवारची वाट न बघता मधल्याच वारी खाली फोन वाजला. मी शाळेतून येऊन जिन्यात चप्पल काढत होते.

"कुठं दुखून राह्यलं?"

"बाबा, मला नाही जमत आहे एकटीला. तुम्ही या ना."

"येतो," काकाजी म्हणाले. "देखल्याशिवाय होतच नाई थे."

ट्रॅव्हल्स संध्याकाळी निघायची. उजेडात जेवून, पाणी पिऊन ते तयार होऊन बसले. पिशवीत दोन धोतरं, पाने आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेला ओळंबा. मी ओळंब्याकडे पाहिलं, त्यांनी मी पाहिलेलं पाहिलं आणि पिशवीचं तोंड बांधलं. पायरी उतरताना वळून म्हणाले, "मॅडम, लहान लेकराले काय नेतेत?" मी माझ्याकडचा खाऊचा पुडा दिला. ते गेल्यावर घर खायला उठलं. खाली कुणी नसणं आणि खाली गप्प बसलेलं कुणी असणं यात केवढा फरक असतो हे मला तेव्हा कळलं. मी त्या दिवसांत उगाचच रेडिओ लावून ठेवायचे.

परत आले ते जरा काळवंडलेले आणि बडबडे. पुण्यातल्या रस्त्यांवर टीका झाली, जावयाच्या बूट घालण्याच्या पद्धतीवर झाली. नातवाच्या तीनचाकीवर सगळ्यात जास्त झाली. "सीट केवढी उंच! लेकराचा पाय पुरत नाई, बोटानं ढकलून राह्यलं. ओळंबा लावला तं दोरा कुठच्या कुठं. पायडलाले लाकडी ठोकळे लावून देल्ले. त्याची माय संग बसली होती खाली, ठोकळे घासाले."

"किती दिवसांनी बोललात दोघं?" मी विचारलं.

"कुठं बोललो? घासत होतो."

मला त्याच महिन्यात बदलीचा आदेश आला. साताऱ्याला, घरापासून हाकेच्या अंतरावर. चार वर्षं मी त्याचीच वाट पाहत होते आणि आता कागद हातात आला तर खाली जाऊन सांगवेना. सांगितलं तेव्हा काकाजी म्हणाले, "सायकल आणा. तिकडं घाट राह्यते. सीट तशी करा लागन." मी सिटेवर बसले, पायडल पुढं आणलं. त्यांनी खिळ्याकडे हात नेला, जिथं ओळंबा टांगलेला असायचा. खिळा रिकामा होता.

"ओळंबा?"

"पुण्यालेच राह्यला," ते म्हणाले. "लेकरू वाढून राह्यलं नं. ठोकळे काढा लागतीन. आणाले जा लागन मले."

ते विसरले नव्हते. उभ्या आयुष्यात एक नट न हरवलेला माणूस तो. मी तोंड फिरवून घेतलं, कारण मला हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं होतं.

"मग माझं फिटिंग?"

"अर्धंच राह्यलं. सीट एक सूत खाली हाय तुमची. आठ दिवस चालवा तिकडं, मंग सांगा."

साताऱ्यात रस्ते चांगले आहेत. शाळा जवळ आहे, घरात माणसं आहेत, आणि जेवताना सगळे एकदम बोलतात. सायकल मी रोज चालवते. सीट अजून एक सूत खाली आहे, चढावर गुडघ्याला ते चांगलंच जाणवतं. पाना माझ्या टेबलाच्या खणातच आहे. रविवार त्यांच्या मुलीचा, म्हणून मी शनिवारी फोन करते.

"कुठं दुखून राह्यलं?"

"गुडघा, काकाजी."

"अस्सं," ते म्हणतात. "मंग अजून आठ दिवस चालवून पाहा."